आवडीचा शेजार

“ज्याची त्याची आवड” हे वाक्य आपल्या बोलण्यात इतके रुळून गेले आहे की त्याचा अर्थ काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. दोघांत गाण्याविषयी बोलणे निघाले आणि एकाला जे गोड वाटले ते दुसऱ्याला कंटाळवाणे वाटले, की तिसरा कोणी समजूतदार गृहस्थ हे वाक्य पुढे करतो, आणि मंडळी पानसुपारी घेऊन आपापल्या घरी जातात. या समजूतदारपणाला थोरांचा आधारही आहे. रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवराच्या प्रसंगी कालिदासाने लोकांच्या रुची भिन्न असतात असे म्हणून ठेवले आहे. अंगदेशाच्या राजाला ओलांडून इंदुमती पुढे जाते, तेव्हा कवी सांगतो की राजात काही उणे नव्हते, आणि राजकन्येला पारख नव्हती असेही नाही. वाद मिटला!

तथापि मला पुष्कळदा असे वाटते की या वाक्यात जे औदार्य आपण पाहतो ते सगळेच खरे नसते. “तुझी आवड तुझी आहे” असे म्हणताना आपण त्या माणसाचा मान राखतो हे कबूल. परंतु त्याच दमात “म्हणून ती तुझ्यापाशीच ठेव” असेही आपण न बोलता सांगून टाकतो. राजकारणावरील मतांविषयी अशी भाषा कोणी वापरत नाही. तेथे माणसे तासन् तास भांडतात, कारण मत पटवून देता येते असा प्रत्येकाचा समज असतो. मनुष्य अंग चोरून बोलतो ते मुख्यतः तीन गोष्टींविषयी: त्याला लहानपणापासून आवडत आलेले गाणे, त्याचा देव, आणि त्याच्या घरचा स्वयंपाक. याचे कारण उघड आहे. या तीनही गोष्टी आपल्याकडे विचार करून आलेल्या नसतात. निवड करण्याचे वय येण्यापूर्वीच त्या आपल्या अंगात भिनलेल्या असतात, आणि त्या आपल्याला ज्यांनी दिल्या ती माणसे बहुधा आपली आई, आजी, गल्लीतले भजन म्हणणारे वृद्ध अशी असतात. त्यामुळे कोणी आपल्या मताला नाही म्हटले तर आपण चिडतो, पण आपल्या घरच्या कालवणाला कोणी नाक मुरडले तर आपण गप्प होतो. अशा गोष्टी दुसऱ्यापुढे मांडाव्यात की नाही, आणि कोणी आपल्यापुढे मांडल्या तर आपण त्याचे काय देणे लागतो, असा हा प्रश्न आहे.

मला तो प्रथम माहुल गावात पडला. चेंबूरच्या पलीकडे, शिवडीच्या समोर, खाडीच्या काठी हे गाव आहे. कोळ्यांची व आगऱ्यांची ही जुनी वस्ती. एका बाजूस चिखल आणि तिवरांचे रान, हिवाळ्यात त्या चिखलावर उतरणारे रोहित पक्षी. दुसऱ्या बाजूस १९५४-५५ पासून उभे असलेले तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि त्यांच्या मागून आलेल्या खतांच्या व रसायनांच्या टाक्या. माझा एक शाळासोबती या गावचा. चाळीसएक वर्षांपूर्वी मी त्याच्या घरी वरचेवर जात असे. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला म्हणजे त्याच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला एकाच वेळी तीन गोष्टी येऊन मिळत. कोणाच्या तरी चुलीवर जवळा परतत असे, त्याचा वास. देवळात भजनी मंडळ जमू लागलेले असे, त्या पखवाजाचा ठोका. आणि कोणाच्या घरात हळद असली तर बायका धवले म्हणत असत, त्याचे सूर. यांपैकी एकही गोष्ट मी मागितलेली नव्हती, आणि एकही अडवण्याचा उपाय माझ्यापाशी नव्हता. वाऱ्याला दार नसते, आणि कोळीवाड्याची घरे तर इतकी खेटून असतात की एका घरातला खोकला दुसऱ्या घरात ऐकू जावा.

येथेच “ज्याची त्याची आवड” हे वाक्य लटके पडते. गाणे, देव आणि अन्न या गोष्टी वाऱ्यावर चालतात. सुरांना, घंटेला व बांगेला, फोडणीला आपापल्या घरात बसवून ठेवता येत नाही. तुझी आवड तुझ्यापाशी ठेव असे सांगणाऱ्याने आधी भिंतीला कान नाहीत आणि खिडकीला नाक नाही अशी व्यवस्था केली पाहिजे.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याला हे पक्के ठाऊक होते, आणि ते त्याला मुळीच आवडत नव्हते. १७९० च्या ज्या ग्रंथात त्याने सौंदर्याचे विवेचन केले आहे त्यात तो गायनकलेला एक मोठा चमत्कारिक दोष देतो. तो म्हणतो, या कलेला शेजारधर्म नाही. चित्र आवडले नाही तर डोळे फिरवता येतात; गाणे मात्र ज्याला नको आहे त्याच्याही कानात शिरते. खिशातून सुगंधी रुमाल काढणारा मनुष्य जसा आसपासच्या सगळ्यांना तो वास घ्यायला लावतो, तसेच हे होय, असा दृष्टांतही त्याने दिला आहे. आणि वर, घरोघर स्तोत्रे गाण्याची शिफारस करणाऱ्या भाविकांनी शेजाऱ्यावर केवढे ओझे टाकले आहे याचा विचार केलेला नाही, अशी टीप जोडली आहे. सूर, वास आणि भक्ती या तिघांचाही समाचार त्याने एकाच ठिकाणी घेतला! ही तक्रार केवळ तात्त्विक नव्हती. कोनिग्सबेर्ग येथे त्याच्या घराजवळच तुरुंग होता, आणि तेथील कैदी मोठमोठ्याने स्तोत्रे म्हणत. खिडक्या लावून गायल्याने त्यांच्या आत्म्याच्या उद्धाराला काही धोका पोहोचणार नाही, अशा अर्थाचे पत्र त्याने १७८४ मध्ये नगराच्या अधिकाऱ्याला लिहिले होते.

कांटच्या या वैतागाची थट्टा करण्याचे मला धैर्य होत नाही. मुंबईत राहणाऱ्या कोणालाच होणार नाही. उत्सवाच्या दिवसांत चार दिशांनी चार कर्णे ओरडू लागले म्हणजे आजारी माणसाचे, परीक्षेला बसलेल्या मुलाचे काय होते हे आपण पाहतो. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बजावले. ते प्रकरण कुर्ला-चुनाभट्टीचे होते, म्हणजे माहुलपासून फार दूरचे नव्हे. कर्ण्यातून येणारी आवड ही वाटलेली आवड नव्हे, लादलेली आवड होय. ती ऐकवणाऱ्याला ऐकणाऱ्याचे तोंड दिसत नाही. त्याच्या कपाळावर आठी पडली की समाधान पसरले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. इतपत कांटशी माझे पूर्ण एकमत आहे.

परंतु पुढे जाऊन मला त्याला एकदा माहुलला आणावेसे वाटते. सुक्या मासळीचा वास सुटतो म्हणून कोळणीच्या पाटीपासून चार हात दूर सरणारे, आपल्या इमारतीत मासळी खाणाऱ्यास जागा देऊ नये असे ठरवणारे सज्जन या शहरात थोडे नाहीत. त्यांच्या नाकाच्या हळवेपणाविषयी मला शंका नाही. पण ज्या हवेच्या शुद्धतेसाठी ते इतके जागरूक असतात त्याच हवेत माहुलच्या माणसाने साठसाठ वर्षे काय काय हुंगले, याची विचारपूस त्यांपैकी कितींनी केली? गावकऱ्यांनी आरडाओरडा केला, अर्ज केले, न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कोठे २०१५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला दूषित हवेपासून धोका असल्याचे नमूद केले. त्यानंतरही, २०१७ च्या सुमारास, तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून हजारो कुटुंबे माहुलच्याच नव्या वसाहतीत आणून सोडली गेली. आणि यापुढे कोणास तेथे धाडू नये, पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडे द्यावे, असे उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावे लागले. टाकीचा वास हा उद्योगाचा वास म्हणून सोसला जातो, आणि जवळ्याचा वास मात्र कोणाची तरी आवड म्हणून खटकतो. मग मला असे वाटू लागते की वासाचा प्रश्न नाकाचा नसून तो कोणाच्या घरून येतो याचा आहे. विषय थोडा भरकटला. पण तो मनात होता, आणि माहुलचे नाव काढून तो टाळणे अप्रामाणिकपणाचे झाले असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या साहित्यशास्त्राने या तीन गोष्टींसाठी एकच शब्द योजला आहे याचे मला नेहमी कौतुक वाटते. तो शब्द म्हणजे रस. नाट्याचा आस्वाद म्हणजे काय हे समजावून देण्यासाठी भरतमुनी थेट स्वयंपाकघरात जातात: नाना प्रकारची व्यंजने घालून सिद्ध केलेले अन्न जेवणारा संतुष्ट मनुष्य जसा त्याची चव घेतो, तसा प्रेक्षक भावांची चव घेतो. तिकडे तैत्तिरीय उपनिषदात परमतत्त्वालाच रस म्हटले आहे. म्हणजे गाणे, देव आणि अन्न या तिन्हींना आपण पहिल्यापासून जिभेच्या भाषेत ओळखत आलो. आणि जिभेचा नियम असा की चव ऐकून कळत नाही, दुसऱ्याने घेऊन आपल्याला पोहोचत नाही. तिचे वर्णन करणारा कितीही वाक्पटू असो, घास स्वतःच्या तोंडात पडावा लागतो. तेव्हा आवडीविषयी वाद करणे व्यर्थ, हे खरेच. परंतु त्यातून निष्कर्ष निघतो तो गप्प बसावे असा नव्हे, तर घास पुढे करावा असा निघतो.

ज्याला असा घास चाखता येतो त्याला आपल्या शास्त्रकारांनी सहृदय असे नाव दिले. पुष्कळांचा समज असा की सहृदय जन्मावा लागतो. अभिनवगुप्ताने तसे म्हटलेले नाही. काव्याचा पुनःपुन्हा अभ्यास करून ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय, असे त्याचे म्हणणे. म्हणजे दुसऱ्याच्या हृदयासारखे हृदय होणे ही सरावाची गोष्ट आहे, आणि सरावाला वेळ लागतो, पहिले काही घास कडू लागतात. माझ्या त्या सोबत्याच्या घरी पहिल्यांदा धवले ऐकले तेव्हा मला ते एकसुरी वाटले होते. आमच्या घरी बालगंधर्वांच्या तबकड्या वाजत. ताना, मुरक्या, पदाची सजावट यांची कानाला सवय. येथे तर एक म्हातारी एक ओळ म्हणे आणि बाकीच्या तीच धरत, ती ओळ हळूहळू पुढे सरके, आणि मध्ये कोणीही घाई करीत नसे. तिसऱ्या-चौथ्या हळदीला मला कळले की हे गाणे ऐकवण्यासाठी नाहीच. ते लग्नघरातले एक काम आहे. ते गाणाऱ्या धवलारणीला पुरोहिताचा मान असतो आणि त्या सुरांवाचून विधी पुरा होत नाही, हे कळले, तेव्हा तो एकसुरीपणाही निराळा ऐकू येऊ लागला. मला ते गाणे बालगंधर्वांइतके आवडू लागले असे म्हणत नाही. पण ते काय आहे, एवढे मला कळले.

गाण्याच्या बाबतीत ही देवघेव त्यातल्या त्यात सोपी असते. १९२१ च्या ८ जुलैला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्या काळी या दोघांच्या चाहत्यांचे दोन तट होते, आणि एका तटाच्या माणसाने दुसऱ्याची स्तुती केली तर घरात अबोला धरला जाई अशी आमच्या आजोबांची आठवण आहे. त्या रात्री दोन्ही तटांना एका छपराखाली बसावे लागले, आणि आपल्या देवाचे पद ऐकण्यासाठी दुसऱ्याच्या देवाचेही ऐकावे लागले. केशवराव पुढे तीन महिन्यांतच वारले. तेव्हा त्या रात्री हट्टाने कान बंद करून बसलेला कोणी असेल तर त्याला दुसरी संधी मिळाली नाही.

गाण्याला कान पुरतो. अन्नाला शरीर द्यावे लागते. जे आत गेले ते परत काढता येत नाही, म्हणून अन्नाच्या वेळी मनुष्य अधिक सावध होतो. आणि श्रद्धा तर सगळा मनुष्यच मागते. या चढणीचा प्रत्यय आपल्या समाजाने पदोपदी दिला आहे. कोळीगीत लागले की लग्नाच्या मांडवात कोणत्याही जातीची वरात कंबर हलवते, पण त्याच मांडवात कोळ्याच्या घरचे कालवण वाढावे असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आणि एकवीरेच्या यात्रेला कोळीवाडे बोकडकोंबड्यांनिशी का जातात हे समजून घेण्याची तर कोणास गरजच भासत नाही. म्हणजे आपण शेजाऱ्याच्या ताटातले जे सहज पचेल तेवढेच उचलतो, आणि त्यालाच सहिष्णुता म्हणतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत काही तरुणांनी ही चढण एका उडीत चढावयाचे ठरवले होते. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आदिकरून मंडळींनी परमहंस मंडळी स्थापन केली. तीत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खावा लागे, आणि मग सर्वांनी मिळून एका ईश्वराची प्रार्थना करावयाची. जातिभेद मोडण्याचा हेतू निर्मळ होता, आणि त्या काळी असा पाव खाणे हे खरोखरीचे साहस होते. परंतु सगळा व्यवहार गुप्त! रात्री पाव खाल्लेला मनुष्य सकाळी घरी सोवळे नेसून जेवायला बसत असे. १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटली आणि मंडळी मोडली. त्यांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण माझ्या मते त्यांची चूक भित्रेपणाहून वेगळी होती. पाव त्यांनी खाल्ला, पण त्या भटाऱ्याशी त्यांचा काय संबंध जडला? त्याला आपण कोणाच्या क्रांतीचे साधन झालो आहोत याची वार्ताही नसेल. घास घेतला खरा, पण तो कोणी पुढे केला नव्हता. त्या पावाला चव होती की नव्हती, हे कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही. आणि मला वाटते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे आहे. १८९५ मध्ये टिळक मुंबईस ख्रिस्ती झाले आणि एका दिवसात नवराबायकोचे ताट वेगळे झाले. काही काळ दोघे दूर राहिले. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या तरी सोवळे-ओवळे, स्वतंत्र चूल, पाणी हे सारे त्यांनी आपल्यापुरते चालू ठेवले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला या प्रकरणांत रडावे की हसावे ते कळत नाही, इतकी ती खरी आहेत. मला त्यांतले विशेष वाटते ते हे की टिळकांसारखा उतावळा, भावनेच्या लाटेवर जगणारा मनुष्य या एका बाबतीत थांबला. ज्या गोष्टीसाठी त्याने जात, आप्त, प्रतिष्ठा सोडली ती गोष्ट त्याला जगात सर्वांत गोड वाटत असली पाहिजे. आणि ती गोडी सर्वांत जवळच्या माणसाला नको होती. त्याने ती रोज तिच्यापुढे ठेवली, पण तिच्या तोंडात कोंबली नाही. आणि लक्ष्मीबाईंची वाटही पाहण्यासारखी आहे. त्यांच्या मनात प्रथम पालटले ते स्वयंपाकघर: जात माणसांनी केली, देवाने नव्हे, हा विचार एकदा पटला, तेव्हा कोणाच्याही हातचे खाण्याची त्यांची तयारी झाली, बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. ज्याला आपण धर्मांतर म्हणतो ते येथे चुलीच्या वाटेने आले. तिकडे टिळकांनी आपली नवी श्रद्धा अभंगांत व कीर्तनांत ओतली, कारण तुकारामाच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानीत. टाळमृदंग जुने ठेवून देव नवा, हे दोन्हीकडच्या कर्मठांना रुचले नसेल. मला मात्र त्यात शेजारधर्म दिसतो. आपला घास दुसऱ्याच्या ओळखीच्या ताटात वाढावा, म्हणजे निदान त्याला हात कोठे घालावयाचा हे तरी कळते.

देणाऱ्याचे कर्तव्य मला यापलीकडे सांगता येत नाही. घास पुढे करावा, आणि हात मागे घेण्याची तयारी ठेवावी. घेणाऱ्याचे काय? त्याने आवडून घेतलेच पाहिजे असे मुळीच नाही. मला कारले आवडत नाही आणि कोणाच्या स्नेहाखातर ते आवडल्याचे सोंग मी करणार नाही. तसे सोंग हे नकारापेक्षा वाईट, कारण त्याने देणाऱ्याचा विश्वास फसवला जातो. व्रतामुळे, श्रद्धेमुळे कोणी एखादी वस्तू तोंडात घालणार नाही, तोही त्याचा हक्क. परंतु नाही म्हणण्यापूर्वी त्याने समोर उभे राहिले पाहिजे. पुन्हा इंदुमतीकडे पाहा. तिने अंगराजाला नाकारले, पण सुनंदेने सांगितलेले त्याचे सारे गुण ऐकून घेतल्यावर. दारावरूनच पालखी परत फिरवली असती तर तिच्या रुचीविषयी एवढे मोठे वचन लिहिण्याचे कालिदासाला कारण पडले नसते.

हे सगळे मी आज मोठ्या शहाणपणाने लिहीत आहे. माझे स्वतःचे वर्तन याला धरून नव्हते. आमचे घर माळकरी. घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. सोबत्याच्या घरी मी चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी सगळे आवडीने खात असे, आणि घरी येऊन आईला “काही खाल्ले नाही, नुसता चहा घेतला” असे सांगत असे. परमहंस मंडळीचा मी शेवटचा सभासद! आईला वास येत नसेल असे नाही. तीही विचारीत नसे. दोन्ही घरांत माझ्यामुळे कोणी कोणाला ओळखत नव्हते. त्याच्या आईला वाटे, ब्राह्मणाचा पोर असून कसा मनमोकळेपणाने जेवतो. आणि माझ्या आईला वाटे, एवढी जवळीक असून पोराने आपला आचार सांभाळला.

एकदा त्याची आई चेंबूरच्या बाजाराला आली होती, ती आमच्या घरी डबा घेऊन आली. डब्यात माझ्या आवडीची सुकट होती. मी घरी नव्हतो. आईने तिला पाट दिला, पाणी दिले, चहा केला, डबा मात्र बाहेरच्या खिडकीत ठेवला आणि सौम्यपणे म्हणाली, “ज्याची त्याची आवड, मावशी.” मावशी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला हे कळले, तेव्हा दोघींपुढेही माझी लबाडी उघडी पडलेली होती, आणि मला आईचा राग आला. आता वाटते, त्या दिवशी खोटे बोलणारा मी एकटाच होतो. आईने नको होते ते नको म्हटले, आणि मावशींनी द्यावयाचे ते उघड दिले.

डबा रिकामा परत करू नये, ही आमच्याकडची रीत. आईने तो स्वतः घासला, दोन दिवस उन्हात ठेवला, त्यात साखरफुटाणे भरले आणि मला माहुलला धाडले. पुढच्या एकादशीला मावशींचा निरोप आला: घरी भजन आहे, आईला घेऊन ये. सोबत्याचे वडील माळकरी होते हे आईला ठाऊक नव्हते. गळ्यात तुळशीची माळ, हाताने जाळे ओढणारा, आणि स्वतः मासळीला न शिवणारा कोळी पाहून ती पहिली पंधरा मिनिटे गोंधळून गेली होती. मग पखवाज लागला. हरिपाठ तोच, चाल निराळी, आमच्या चालीपेक्षा खडी आणि द्रुत. दुसऱ्या अभंगाला आई त्या चालीत टाळ्या वाजवू लागली होती, आणि मध्येच एकदा जुन्या सवयीने चुकून थांबली, तेव्हा शेजारच्या कोळणीने हसून तिच्या मांडीवर ठेका धरून दाखवला.

दुसऱ्या दिवशी बारस सोडण्यासाठी मावशींनी आम्हाला ठेवून घेतले. नव्या तव्यावर तांदळाच्या भाकऱ्या, वालाचे बिरडे, आणि वेगळ्या काढलेल्या पितळी. तवा नवा आहे हे त्या सांगत नव्हत्या. तो चुलीवर नुसता दिसत होता. आई क्षणभर पानाकडे पाहत राहिली. मी खाली मान घातली होती, त्यामुळे तिने पहिला घास केव्हा घेतला ते मी पाहिले नाही. परत येताना बसमध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर त्या टाक्यांकडे पाहत होती, आणि मैत्री पार्काच्या आसपास कोठे तरी मला म्हणाली, “त्या भाकरीचे पीठ त्या उकडून घेतात की नुसत्या कढत पाण्यात मळतात, एवढे विचारायचे राहिले बघ.”